‘बाबांना कधी गोळी लागली नाही, मग हे युद्धामुळे कसे?’ : दीर्घ युद्धसेवा आणि मनावरील आघात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या वाडी येथे राहणाऱ्या एका तरुणाचे वडील पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९९९ च्या उन्हाळ्यात ते कारगिल क्षेत्रात होते आणि पुढे दहशतवादविरोधी कामासाठी असलेल्या राष्ट्रीय रायफल्स या लष्करी दलातून काश्मीर खोऱ्यात त्यांच्या दोन नेमणुका झाल्या. त्यांना एकदाही जखम झाली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात रात्रपाळीचे सुरक्षारक्षक म्हणून काम केले. ते काम सुटल्यापासून ते रात्री झोपत नाहीत, पुन्हा पुन्हा उठून दारांच्या कड्या तपासतात, मे महिन्याच्या उकाड्यातही कूलर बंद करायला लावतात, क्षुल्लक कारणावरून घरच्यांवर भडकतात आणि आता रोज पितात. काही नातेवाईक स्वभावाला दोष देतात, काही ताजबागेच्या दर्ग्यात नेऊन आणा म्हणतात. मुलाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. इतक्या वर्षांनी हे युद्धसेवेमुळे होऊ शकते का? तिथे नेमके काय घडले ते त्यांच्याकडून वदवून घ्यावे का? आणि यावर उपचार आहे का?

पत्रावरून निदान करता येत नाही आणि ते करूही नये. तरीही पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, होऊ शकते’ असे आहे, दुसऱ्याचे ‘घरी तरी नको’ असे आहे आणि तिसऱ्याचे निःसंदिग्ध ‘होय’ आहे. नागपूर आणि कामठी परिसरात अनेक वर्षे मानसोपचार करताना निवृत्त जवानांची आणि गडचिरोलीत सेवा केलेल्या पोलिसांची जी कुटुंबे माझ्याकडे येतात, त्यांतील बहुतेकांचा प्रवास एकाच चुकीच्या वाटेने सुरू झालेला असतो. ‘तिकडे काहीतरी एक भयंकर घडले असणार आणि ते कळले की सगळे सुटेल’ असे त्यांनी मनाशी धरलेले असते. कधीकधी तसे असतेही. परंतु दीर्घकाळ युद्धक्षेत्रात राहिलेल्या माणसाच्या बाबतीत त्या एका घटनेचा शोध बहुधा व्यर्थ ठरतो, कारण आघात घटनेत नसून कालावधीत असतो. अनेक महिने, अनेक वर्षे, शरीराला एकही दिवस पूर्ण निर्धास्तपणे काढता आलेला नसतो, आणि त्या काळात शरीर जे शिकते ते घरी परतल्यावर आपोआप विसरत नाही.

हे वैद्यकशास्त्राला कळायलाही बराच वेळ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर जेकब डा कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये धडधड, धाप आणि छातीत दुखण्याची तक्रार करणाऱ्या सैनिकांचे वर्णन केले, तेव्हा दोष हृदयाचा मानला गेला. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ (तोफगोळ्याचा धक्का) झालेल्या सैनिकांची नोंद प्रसिद्ध केली. आरंभीची समजूत अशी होती की तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला सूक्ष्म इजा होते. मात्र ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता अशा सैनिकांतही तीच कंपने, तेच मुकेपण आणि तीच दुःस्वप्ने दिसू लागली आणि ही उपपत्ती डळमळली. तिची जागा शास्त्राने लगेच घेतली नाही. बऱ्याच ठिकाणी ती भित्रेपणाच्या आरोपाने घेतली. रणांगणातून पळाल्याच्या किंवा भेकडपणाच्या आरोपाखाली गोळ्या घातलेल्या ३०६ ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातील सैनिकांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. त्यांतील किती जण आजारी होते हे आता कोणी ठरवू शकणार नाही, पण माफी मिळायला नव्वद वर्षे लागली याचा अर्थ पुरेसा स्पष्ट आहे. तुमच्या नातेवाइकांचे ‘स्वभावच तापट’ हे वाक्य त्याच जुन्या आरोपाचा सौम्य अवतार आहे.

कालावधीचा मुद्दा दुसऱ्या महायुद्धात ठळकपणे पुढे आला. स्वँक आणि मार्चंड या अमेरिकी डॉक्टरांनी नॉर्मंडीच्या मोहिमेतील पायदळाचा अभ्यास करून १९४६ मध्ये एक आलेख मांडला. त्यांच्या निरीक्षणानुसार सैनिक आरंभीचे काही दिवस गोंधळलेला असतो, मग लढाईला सरावतो आणि काही आठवडे अत्यंत कार्यक्षम असतो, पुढे तो प्रत्येक आवाजाला दचकू लागतो आणि अखेरीस भावनाशून्य, थकलेला होतो. सलग ६० दिवस लढाईत राहिल्यास जवळजवळ प्रत्येक जण कोसळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी अॅपेल आणि बीब यांनी ही मर्यादा प्रत्यक्ष लढाईचे एकूण २०० ते २४० दिवस अशी मांडली. या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते आजच्या कोणत्याही तुकडीला जसेच्या तसे लावणे मला मान्य नाही. शिवाय काश्मीरमधील नेमणूक म्हणजे रोजची चकमक नव्हे. परंतु त्यातला मूळ विचार टिकून आहे. सहनशक्तीची मर्यादा प्रत्येकाला असते, ती धैर्याने लांबते, चांगल्या अधिकाऱ्यामुळे आणि वेळेवर मिळालेल्या रजेमुळे आणखी लांबते, पण नाहीशी होत नाही.

व्हिएतनाम युद्धानंतर अशा त्रासाला, म्हणजे आघातोत्तर ताणविकाराला (पीटीएसडी), १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात अधिकृत स्थान मिळाले. त्या युद्धातून परतलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झाल्याचे तेथील मोठ्या राष्ट्रीय पाहणीत आढळले होते. २००६ मध्ये लष्करी नोंदी पडताळून केलेल्या फेरविश्लेषणात हे प्रमाण १९ टक्क्यांच्या जवळ आले. मला या फेरविश्लेषणातील दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, बहुसंख्य सैनिकांना हा विकार होत नाही, त्यामुळे तुमच्या वडिलांचे सहकारी ठणठणीत आहेत म्हणून वडील ढोंग करतात असेही नाही आणि प्रत्येक माजी सैनिक आजारी असतो असेही नाही. दोन, युद्धाशी संबंध जितका तीव्र, तितके विकाराचे प्रमाण अधिक, हे नाते स्पष्ट दिसले. जखम झाली की नाही, हा त्यातला एक घटक आहे, एकमेव नव्हे.

आता तुमच्या वडिलांच्या सेवेकडे पाहू. कारगिलची लढाई १९९९ च्या मे ते जुलै या काळात चालली आणि तिथे तोफखान्याचा मारा दीर्घकाळ सोसावा लागला. खोऱ्यातील सेवा वेगळ्या प्रकारची असते. तिथे आघाडीची रेषा नसते. पहाटेच्या रोड ओपनिंगमध्ये, म्हणजे वाहने जाण्याआधी रस्ता सुरक्षित आहे का हे तपासताना, रस्त्याच्या कडेचा प्रत्येक उकरलेला मातीचा ढीग, प्रत्येक बेवारस डबा संशयाने पाहायचा असतो. गावाला घेराव घालून झडती घेताना दार उघडणारी व्यक्ती म्हातारी आहे की बंदूकधारी, हे क्षणात ठरवायचे असते. शंभर दिवस काहीच घडत नाही आणि एकशे एकाव्या दिवशी घडते. म्हणून शंभर दिवसांत एकदाही सैल सोडता येत नाही. माझ्या अनुभवात जवान चकमकीबद्दल कमी आणि या वाट पाहण्याबद्दल जास्त बोलतात.

अशा वातावरणात मेंदू आपले काम चोख करतो. धोका ओळखणारा अमिग्डाला हा भाग अधिक संवेदनशील होतो, शरीराला सावध ठेवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिन या रसायनाची पातळी चढी राहते, झोप उथळ होते आणि आवाजाचा अर्थ लावण्याआधीच स्नायू आवळले जातात. ‘हा आवाज इथे निरुपद्रवी आहे’ असे सांगणारे काम मेंदूच्या पुढच्या भागाचे आणि स्थळकाळाची नोंद ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे असते. दीर्घ ताणात नेमकी हीच यंत्रणा दुबळी पडते. त्यामुळे दिवाळीतला सुतळी बॉम्ब वाडीत फुटला आहे हे वडिलांना ठाऊक असते, पण शरीराला ते पटायला काही क्षण उशीर होतो आणि तेवढ्यात ते जमिनीकडे झुकलेले किंवा ओरडलेले असतात. मागून आलेली शरम आणि तिच्यावर पांघरूण घालणारा संताप घरच्यांना दिसतो. त्याआधीची भीती कोणाला दिसत नाही.

कूलरचे उदाहरण तुम्ही दिले ते मला फार बोलके वाटते, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात ही तक्रार मी इतर घरांतूनही ऐकली आहे. पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करणारा माणूस विक्षिप्त नसतो. कूलरच्या घरघरीत बाहेरची पावले ऐकू येत नाहीत, आणि ज्याचे सगळे आयुष्य पावले ऐकण्यावर अवलंबून होते त्याला ती घरघर उकाड्यापेक्षा असह्य वाटते. हेच दाराच्या कड्यांचे. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसणे, सीताबर्डीच्या बाजारात शनिवारी जाण्याचे टाळणे, बसमध्ये दाराजवळची जागा धरणे, मारबतीच्या गर्दी-गोंगाटाच्या मिरवणुकीच्या दिवशी घराबाहेर न पडणे, हेही असेल तर आठवून पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

इतक्या वर्षांनी का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. लक्षणे सहा महिन्यांनंतर पूर्णपणे प्रकट होण्याचा प्रकार वर्गीकरणातच मान्य केलेला आहे आणि सैनिकांत तो नागरिकांपेक्षा अधिक दिसतो. बहुतेक वेळा लक्षणे शून्यातून उगवत नाहीत. ती आधीपासून थोडी असतात, पण नोकरीच्या चौकटीत खपून जातात. पलटणीत सावध असणे हा गुण आहे. त्यानंतर तुमच्या वडिलांनी जी नोकरी पत्करली ती पाहा. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक रात्री जागतो, कुलपे तपासतो, आवाजाच्या दिशेने टॉर्च मारतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. म्हणजे इतकी वर्षे त्यांचा आजार त्यांच्या गणवेशात नीट मावत होता. नोकरी गेली, गणवेश उतरला, रात्र रिकामी झाली आणि जागरण तसेच उरले. मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज अशा जबाबदाऱ्या संपल्यावर, एखाद्या जुन्या सोबत्याच्या निधनाची बातमी आल्यावर किंवा हृदयविकारासारख्या दुखण्यानंतरही असेच घडते.

मात्र सगळे खापर युद्धावर फोडण्यापूर्वी इतर कारणे तपासलीच पाहिजेत, आणि हे पाऊल बरेच जण गाळतात. वडील मोठ्याने घोरत असतील आणि त्यांचा रक्तदाब वाढलेला असेल तर झोपेतील श्वासावरोधाची तपासणी करावी. त्याने दुःस्वप्नेही वाढतात आणि चिडचिडही. वर्षानुवर्षे गोळीबाराच्या आवाजात राहिल्याने श्रवणशक्ती कमी झालेली असू शकते व कानात सतत नाद येत असू शकतो. घरातील निम्मी भांडणे नीट ऐकू न आल्यामुळे होतात आणि ती ‘स्वभावा’च्या खात्यात जमा होतात. स्फोटाच्या जवळ असताना क्षणभर शुद्ध हरपली होती का, हे विचारावे, कारण मेंदूला बसलेला सौम्य मार बाहेरून दिसत नाही. थायरॉइड, साखर, उदासीनता यांची तपासणी साधी आहे. पन्नाशी-साठीत प्रथमच स्वभाव बदलला असेल आणि सोबत विसराळूपणा वाढत असेल तर स्मृतिभ्रंशाचीही तपासणी करावी लागते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अभ्यासांत आघातोत्तर ताणविकार असलेल्यांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळले आहे.

निदानासाठी आम्ही मुख्यत्वे तीन गोष्टी पाहतो. भूतकाळ वर्तमानात घुसतो का, म्हणजे दुःस्वप्ने किंवा तो प्रसंग पुन्हा घडत असल्याचा अनुभव येतो का. आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळल्या जातात का. आणि धोका आत्ता, इथे आहे अशी जाणीव कायम राहते का. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात याचा एक गुंतागुंतीचा प्रकार स्वतंत्रपणे मान्य केला आहे. दीर्घकाळ किंवा वारंवार आघात सोसलेल्या आणि त्यातून सुटका नसलेल्या लोकांत तो अधिक आढळतो. त्यात वरील तिन्हींसोबत भावनांवरचा ताबा सुटणे, स्वतःविषयी तीव्र हीनभाव असणे आणि जवळच्या माणसांशी नाते टिकवणे अवघड जाणे, यांचाही समावेश होतो. युद्धात अडकलेल्या नागरिकांनाही हे लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील अंदाजानुसार संघर्षग्रस्त प्रदेशांत कोणत्याही वेळी सुमारे २२ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. युक्रेनमधून २०२२ मध्ये परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पालकांनी त्या वेळी तळघरातील रात्रींची चौकशी थोडी अधिक करायला हवी होती, असे मला वाटते. साऱ्यांचे लक्ष अर्धवट राहिलेल्या पदवीकडे होते.

भीतीखेरीज आणखी एक गोष्ट असते आणि ती अधिक खोल लपवली जाते. ‘त्या दिवशी ड्युटी माझी होती, तो माझ्या जागी गेला’ किंवा ‘अंधारात ज्याच्यावर गोळी झाडली तो तसा नव्हता’ अशा स्वरूपाचे अपराधीपण. जोनाथन शे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करताना या नैतिक जखमेकडे लक्ष वेधले. हे स्वतंत्र निदान नाही, पण उपचारांत त्याचे स्थान मोठे आहे. भीती सवयीने ओसरते. अपराधभाव नुसत्या सवयीने ओसरत नाही. ‘त्यात तुमची काय चूक’ असे घाईने म्हटल्याने तर माणूस आणखी मिटतो, कारण त्याला वाटते की समोरच्याला गोष्टीचे वजन समजलेच नाही. पदके मिळालेल्या जवानांतही हे असते. सत्कारानंतर आठवडाभर न बोलणाऱ्या माणसाला कृतघ्न समजू नये.

म्हणूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. जेवणाच्या टेबलावर किंवा दोन पेग झाल्यावर ‘बाबा, एकदा मन मोकळे करा’ असा आग्रह धरू नका. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून सक्तीने बोलायला लावण्याची पद्धत एके काळी फार प्रचलित होती; एका बैठकीच्या अशा उपक्रमाने विकार टळत नाही आणि काहींना त्रास वाढतो, असे दिसून आल्याने आता तिची शिफारस केली जात नाही. ते आपणहून बोलू लागले तर ऐका, मध्ये प्रश्न विचारू नका, तपशील खणू नका आणि बोलणे थांबले की थांबू द्या. घरच्या गप्पांमध्ये आठवण उघडते पण बंद करण्याची सोय नसते. रात्र मग त्यांना एकट्याला काढावी लागते.

उपचारांतही आम्ही आठवणींपासून सुरुवात करत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिला क्रम दारूचा आणि झोपेचा असेल. ते दारू बहुधा मजेसाठी नव्हे तर झोपेसाठी पितात. पहिले काही तास तिने गुंगी येतेही, पण उत्तररात्री झोप तुटते आणि स्वप्ने अधिक उग्र होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मात्रा वाढते. लष्करी कॅन्टीनमधून मिळणारा दारूचा कोटा घरात असणे ही सोय या घरापुरती बंद करावी. परंतु एक गोष्ट कृपया गांभीर्याने घ्या. रोज पिणाऱ्या माणसाची बाटली एका रात्रीत लपवून ठेवू नका. अचानक दारू तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढील दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवाला धोका होऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आणि योग्य औषधे देऊन, गरज भासल्यास रुग्णालयात ठेवून सोडवावी लागते.

झोपेच्या गोळ्यांबद्दल मी कडक आहे. अल्प्राझोलामसारखी औषधे ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणून वर्षानुवर्षे घेतलेले माजी सैनिक मी पाहतो. या औषधांनी आघाताचा विकार बरा होत नाही, सवय लागते, दारूसोबत ती घातक ठरतात आणि उतारवयात पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो. वडील ती आधीच घेत असतील तर तीही अचानक बंद करू नयेत. या विकारासाठी ज्यांचा आधार चांगला आहे ती औषधे म्हणजे सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पुरेशा मात्रेत दोन-तीन महिने घेतल्याशिवाय निकाल ठरवता येत नाही आणि बरे वाटल्यावरही ती बराच काळ चालू ठेवावी लागतात. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन वापरले जाते. माजी सैनिकांवरील २०१८ च्या मोठ्या चाचणीत त्याचा सरासरी फायदा सिद्ध झाला नाही, तरी काहींना ते उपयोगी पडते; रक्तदाब उतरत असल्याने ते स्वतःहून कधीही सुरू करू नये.

झोप आणि दारू ताब्यात आल्यावर खरा उपचार सुरू होतो आणि तो बोलण्याचा असतो. तुम्ही म्हणाल, मघाशी बोलायला लावू नका म्हटले होते. फरक पद्धतीचा आहे. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत प्रशिक्षित तज्ज्ञासमोर, सुमारे नव्वद मिनिटांच्या आठ ते पंधरा बैठकींत, आठवण ठरवून, क्रमाने आणि पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि टाळलेल्या निर्धोक जागांकडे टप्प्याटप्प्याने परत जायचे असते. पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत साधारण बारा बैठकींची आहे. तिच्यात ‘जग पूर्ण असुरक्षित आहे’, ‘दोष माझाच होता’ अशा विचारांची बारकाईने तपासणी केली जाते. अपराधभाव प्रबळ असेल तेव्हा मी तिच्याकडे अधिक झुकतो. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी तिसरी एक पद्धतही परिणामकारक ठरली आहे. सर्वच प्रसंग उकरावे लागत नाहीत. जो प्रसंग स्वप्नांत अधिक येतो किंवा ज्याचा उल्लेख आला की माणूस विषय बदलतो, तो निवडला जातो आणि त्याची धार कमी झाली की इतरांचीही बऱ्याचदा होते. दीर्घ सेवा केलेल्यांना मात्र बैठकी अधिक लागतात, मध्ये काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि नेमके तेव्हाच बरेच जण उपचार सोडतात. कुटुंबाने हे आधीच जाणून असावे.

घरात काही साधे बदल आजपासून करता येतील. झोपलेल्या वडिलांना हात लावून किंवा अंगावर वाकून उठवू नका. पायाच्या बाजूने, थोडे अंतर राखून, नाव किंवा नाते उच्चारून हाक मारा. कूलरवरून वाद घालण्यापेक्षा आवाज कमी करणारा वेग ठेवा आणि त्यांना दार दिसेल अशी खाट लावा. कडी एकदा, त्यांच्या आणि तुमच्या समक्ष लावावी; दहाव्यांदा तपासू देण्यात दया नाही, पण तिथेच कुलूप काढून त्यांची परीक्षा घेण्यातही शहाणपणा नाही. लग्नसराईत बँड आणि फटाके कधी वाजणार हे आधी सांगा. संतापाच्या भरात समजावू नका, मुलांना दुसऱ्या खोलीत न्या आणि नंतर शांतपणे बोला. आजार हे संतापाचे कारण असू शकते, पण मारहाण सोसण्याचे कारण असू शकत नाही. आईला तसा धोका असेल तर तिची सुरक्षितता उपचारांच्या आधी येते. आईच्या स्वतःच्या झोपेची, रक्तदाबाची आणि मनःस्थितीची विचारपूस बहुधा कोणीही केलेली नसते, ती तुम्ही करा.

वडील डॉक्टरांकडे यायला नकार देतील, अशी माझी अटकळ आहे. त्यामागे एक ठोस भीती असते. सेवेत असताना वैद्यकीय वर्गवारीत मानसिक स्थितीसाठी वेगळे अक्षर असते आणि त्यात श्रेणी खालावली की बढती आणि नेमणुकीवर परिणाम होतो, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते. ‘शेप-वन’ ही सर्वांत वरची श्रेणी टिकवण्यासाठी गप्प राहण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यांना शांतपणे सांगा की आता उपचार घेतल्याने निवृत्तिवेतन बंद होत नाही आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्यांची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ‘मानसोपचार’ या शब्दावर अडून बसू नका; झोप आणि कानाच्या तपासणीच्या निमित्ताने ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये गेले तरी सुरुवात होते आणि तिथून पुढे पाठवले जाते. त्याखेरीज मेडिकलचा (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा) मानसोपचार विभाग, मिहानमधील एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी हे पर्याय नागपुरातच आहेत. विकार सेवेमुळे उद्भवल्याचा किंवा वाढल्याचा दावा करायचा असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी, मात्र उपचार त्या कागदांसाठी थांबवू नयेत. ताजबागेत जाऊन घरच्यांना धीर येत असेल तर माझी हरकत नाही. फक्त औषधे आणि बैठकी त्यासाठी बंद पडू नयेत.

ते आलेच नाहीत तर पहिल्या भेटीला तुम्ही आणि आई या. येताना सेवेतील नेमणुकांची वर्षे, सध्याची सर्व औषधे, रोजच्या दारूचे खरे प्रमाण आणि झोपेच्या एका आठवड्याची नोंद आणा. एरवी १४४१६ या टेली मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते. सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा स्वतंत्र कक्षही सुरू झालेला आहे.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नका. वडील ‘माझा आता कोणाला उपयोग नाही’ असे म्हणू लागले, वस्तू किंवा कागदपत्रे वाटून देऊ लागले किंवा एकाएकी फार शांत झाले, तर त्यांना आत्महत्येचा विचार येतो का हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी घेतलेली परवान्याची बंदूक घरात असेल तर ती लक्षणांची वाट न पाहता, या आठवड्यातच, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. त्यांना न सांगता ती हलवू नका. उपचार चालू आहेत तोवर ती बाहेर राहील, असे सांगून आणि शक्य असल्यास त्यांच्याच हस्ते ती जमा करा.